वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपच्या हॉटकी आणि त्यांचा ड्रायव्हर

या अंकात सगळे प्रश्न कीबोर्डच्या वरच्या रांगेचे, म्हणजे आवाज-ब्राइटनेससारखी कामं करणाऱ्या हॉटकींचे घेतले आहेत. लिनक्सच्या आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत करा, आणि खालची रेघ आणि मधली रेघ यांची गल्लत होऊ देऊ नका. निम्म्या चुका तिथेच होतात.

प्रश्न : लॅपटॉप फॉरमॅट करून विंडोज ११ टाकलं. आवाज कमी-जास्त करायची बटणं चालतात, पण ब्राइटनेस, टचपॅड आणि माइक म्यूटची बटणं मेल्यासारखी झाली आहेत. दुरुस्तीवाला कीबोर्ड बदलायला सांगतो. बदलू का? (इचलकरंजी)

बदलू नका. एफएन न दाबता तीच बटणं एफ५, एफ६ म्हणून चालत असतील, तर कीबोर्ड ठणठणीत आहे.

एफएन हे बटण बहुतेक लॅपटॉपांत विंडोजला दिसतच नाही. कीबोर्डची रिबन केबल मदरबोर्डवरच्या एका छोट्या कंट्रोलरकडे जाते. त्याला एम्बेडेड कंट्रोलर, थोडक्यात ईसी म्हणतात. एफएन धरून दुसरं बटण दाबलं की पुढे काय पाठवायचं हे ईसी ठरवतो, आणि त्याच्यापुढे वाटा तीन आहेत.

पहिली वाट साध्या कीबोर्डची. आवाज बंद, कमी आणि जास्त यांचे स्कॅनकोड, म्हणजे बटणांचे क्रमांक (ई० २०, ई० २ई, ई० ३०; हेक्स म्हणजे सोळाच्या पायाच्या मोजणीत), वर्षानुवर्षं ठरलेले आहेत. विंडोजचा स्वतःचा कीबोर्ड ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) ते ओळखतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. म्हणून तुमची आवाजाची बटणं चालू आहेत.

दुसरी वाट एसीपीआयची, म्हणजे बायोस (मशीन सुरू करणारा अंगभूत प्रोग्राम) आणि ऑपरेटिंग सिस्टम यांच्यातल्या बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीची. ब्राइटनेसचं बटण दाबल्यावर ईसी प्रोसेसरला इंटरप्ट देतो, बायोसमधली एक छोटी पद्धत चालते आणि ती डिस्प्लेच्या नावे सूचना काढते: वाढवायचं असेल तर हेक्स ८६, कमी करायचं असेल तर हेक्स ८७. ही सूचना विंडोज घेतं आणि प्रकाश बदलायचं काम ग्राफिक्स ड्रायव्हरकडे सोपवतं. तिथे कंपनीचा ग्राफिक्स ड्रायव्हर नसून ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ बसला असेल, तर सूचना येते पण ती पार पाडणारा कोणी नसतो. सेटिंग्जमधली ब्राइटनेसची पट्टीही गायब आहे का बघा. गायब असेल तर हॉटकी ड्रायव्हर शोधत बसू नका, ग्राफिक्स ड्रायव्हर टाका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘जेनेरिक पीएनपी मॉनिटर’ कोणी डिसेबल केलेला असेल तरी हेच होतं.

तिसरी वाट कंपनीची खाजगी. बायोसमध्ये कंपनीने स्वतःचं एक आभासी उपकरण मांडलेलं असतं, किंवा डब्ल्यूएमआय नावाच्या खिडकीतून ती घटना पाठवते. त्या घटनेचा अर्थ फक्त कंपनीच्या ड्रायव्हरला कळतो. माइक म्यूट, कीबोर्डखालचा दिवा, पंख्याचे मोड अशा गोष्टी बहुधा या वाटेने जातात. तुमची बटणं इथेच अडली असावीत.

आता कामाला लागा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अदर डिव्हायसेस’खाली पिवळं चिन्ह असलेलं ‘अननोन डिव्हाइस’ शोधा. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डीटेल्स, मग यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. तिथे व्हीपीसी२००४ दिसलं तर ते लेनोवो आयडियापॅडचं ‘व्हर्च्युअल पॉवर कंट्रोलर’. एलईएन००६८ किंवा एलईएन०२६८ म्हणजे थिंकपॅडच्या हॉटकी. एटीके०१०० म्हणजे आसूस. एचपीक्यू६००१ म्हणजे एचपीचं वायरलेस बटण. हा आयडी हातात आला की कंपनीच्या सपोर्ट पानावर सीरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग टाकून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर उतरवा. क्रम असा ठेवा : आधी चिपसेट, मग ग्राफिक्स, मग हॉटकी, शेवटी कंपनीचं अ‍ॅप.

ड्रायव्हर बसला, पिवळं चिन्ह गेलं, तरी बटण चालत नाही, असंही होतं. कारण या ड्रायव्हरचे दोन तुकडे असतात. एक कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात, बसून घटना पकडतो. दुसरा सर्व्हिस म्हणून चालतो आणि पडद्यावर चित्र दाखवून प्रत्यक्ष काम करतो. ‘सर्व्हिसेस’ उघडून लेनोवोत ‘लेनोवो एफएन अँड फंक्शन कीज सर्व्हिस’, एचपीत ‘एचपी हॉटकी यूडब्ल्यूपी सर्व्हिस’ चालू आहे का पाहा. संगणक हलका करतो म्हणणारी सफाईची सॉफ्टवेअरं नेमकी हीच बंद करून ठेवतात.

यानंतरही अडलं तर शिफ्ट धरून ‘शट डाउन’ करा. एरवी फास्ट स्टार्टअपमुळे कर्नल पूर्ण बंद होत नाही. मग चार्जर काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. अडकलेला ईसी पुष्कळदा एवढ्याने सुटतो.

प्रश्न : टॅलीत दिवसभर एफ४ ते एफ९ लागतात. नव्या लॅपटॉपवर एफ८ दाबलं की विक्रीच्या व्हाउचरऐवजी भलतंच होतं, कधी गाणं सुरू होतं तर कधी विमानाचं चित्र येतं. प्रत्येक वेळी एफएन दाबून बोटं दुखतात. (लातूर)

हल्ली नवे लॅपटॉप ‘मीडिया आधी’ अशा मांडणीत येतात, म्हणजे नुसतं बटण दाबलं तर चित्रातलं काम आणि एफएनसह दाबलं तर एफ८. हे उलटं करायला ड्रायव्हर लागत नाही.

आधी एफएन + एस्केप दाबून बघा. एस्केपवर कुलपाचं चित्र किंवा ‘एफएनलॉक’ लिहिलेलं असेल तर काम तिथेच संपलं. लेनोवो, डेल, आसूसच्या बऱ्याच मॉडेलांत हेच आहे.

नसेल तर बायोसमध्ये जा. एचपीत सुरू होताना एफ१०, मग ‘सिस्टम कॉन्फिगरेशन’मध्ये ‘अ‍ॅक्शन कीज मोड’ डिसेबल्ड करा. आयडियापॅडमध्ये एफ२, ‘कॉन्फिगरेशन’, ‘हॉटकी मोड’ डिसेबल्ड. थिंकपॅडमध्ये एफ१, ‘कॉन्फिग’, ‘कीबोर्ड/माऊस’, तिथे एफ१ ते एफ१२ प्राथमिक ठेवायचा पर्याय. डेलमध्ये एफ२ आणि ‘फंक्शन की बिहेव्हियर’. मॉडेलप्रमाणे शब्द थोडे इकडेतिकडे होतील. बाहेर पडताना सेव्ह करायला विसरू नका.

बायोसमधला बदल विंडोजच्या बाहेर राहतो, त्यामुळे विंडोज पुन्हा टाकलं तरी टिकतो. कंपनीच्या अ‍ॅपमधून केलेला बदल मात्र अ‍ॅप निघालं की उडू शकतो. हिशेबाच्या मशीनवर बायोसचाच मार्ग धरा.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लिनक्समधला थिंकपॅडचा हॉटकी ड्रायव्हर वाचतो आहे. ‘मास्क’ बदलला तरी काही बटणं तशीच वागतात. ड्रायव्हर नेमकं करतो काय? (पुणे)

वाचायला चांगला ड्रायव्हर निवडलात. हा आधी ‘आयबीएम-एसीपीआय’ नावाने होता. कर्नल २.६.२२ मध्ये, म्हणजे २००७ साली, त्याचं नाव ‘थिंकपॅड-एसीपीआय’ झालं आणि तो एसीपीआयच्या फोल्डरातून बाहेर निघाला. २.६.२९ पासून तो प्लॅटफॉर्म ड्रायव्हरांच्या एक्स८६ फोल्डरात आहे. जुने लेख वाचताना नाव-गाव बदललेलं दिसतं ते यामुळे.

बायोसमध्ये ‘एचकी’ नावाचं एक एसीपीआय उपकरण असतं. बटण दाबलं की घटनांची रांग लागते आणि उपकरण ड्रायव्हरला फक्त ‘काहीतरी घडलंय’ एवढंच कळवतं. काय घडलं ते ड्रायव्हरला विचारावं लागतं. त्यासाठी ‘एमएचकेपी’ ही पद्धत तो पुन्हा पुन्हा बोलावतो. प्रत्येक वेळी एक संख्या मिळते, शून्य आलं की रांग संपली. साध्या हॉटकींचे क्रमांक हेक्स १००१ पासून सुरू होतात. ही संख्या घेऊन ड्रायव्हर आपल्या तक्त्यात बघतो, तिला लिनक्सच्या कीकोडमध्ये बदलतो आणि ‘थिंकपॅड एक्स्ट्रा बटन्स’ नावाच्या इनपुट उपकरणातून पुढे सोडतो. डेस्कटॉपच्या दृष्टीने तो एक दुसरा कीबोर्डच.

मास्क हा ३२ बिटांचा आकडा आहे, एका बटणाला एक बिट. बिट १ केला म्हणजे ‘हे बटण मी सांभाळतो’ अशी ड्रायव्हरने फर्मवेअरला (मशीनच्या चिपमधल्या अंगभूत प्रोग्रामला) केलेली विनंती. ० केला तर फर्मवेअर स्वतः बघून घेतं. विनंती हा शब्द मुद्दाम वापरला आहे. सगळे बिट बदलता येत नाहीत, बदलता येतात त्यांतले सगळे काही करतातच असं नाही, आणि काही बटणं मास्कला जुमानतच नाहीत. ड्रायव्हरच्या कागदपत्रांतही हे मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. म्हणजे तुमच्या कोडची चूक असेलच असं नाही. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरात) ‘हॉटकी_ऑल_मास्क’ आणि ‘हॉटकी_रेकमेंडेड_मास्क’ अशा दोन फाइली आहेत. पहिल्यात या मॉडेलवर शक्य असलेले सगळे बिट मिळतात, दुसऱ्यात लावावेत असे. दुसरीतलाच आकडा वापरा. सगळे बिट १ करून टाकायचा मोह झाला, तर फर्मवेअर आणि डेस्कटॉप दोघंही तेच काम करू लागतात आणि ब्राइटनेस एका दाबात दोन पायऱ्या उडी मारतो.

तपासणी नेहमी खालून वर करा. एसीपीआयडी बसवून ‘एसीपीआय_लिसन’ चालवा : घटना बायोसमधून निघते का? मग ‘सुडो ईव्हीटेस्ट’ : ड्रायव्हर तिचं बटण बनवतो का? मग ‘सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’ : ती डेस्कटॉपच्या दारात पोचते का? जिथे शांतता पसरते, त्याच पायरीत दोष. पहिल्याच पायरीला काही दिसलं नाही, तरी लगेच हात टेकू नका. बटण पहिल्या वाटेने, म्हणजे साध्या स्कॅनकोडाने येत असेल.

प्रश्न : लिनक्समध्ये एक बटण दाबलं की कर्नलच्या नोंदीत ‘अननोन की प्रेस्ड’ असं येतं आणि पुढे काही घडत नाही. त्याला काम कसं द्यायचं? (नाशिक)

ही आनंदाची बातमी समजा. बटण कर्नलपर्यंत आलं आहे, त्याला फक्त नाव नाही. नाव द्यायला ड्रायव्हर लिहावा लागत नाही, यूडेव्हच्या (लिनक्समध्ये उपकरणांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या) हार्डवेअर डेटाबेसमध्ये दोन ओळी पुरतात.

नोंदीच्या त्याच ओळीत ‘कोड’ या शब्दापुढे हेक्स संख्या आहे, ती लिहून घ्या. उदाहरणापुरती ती ‘एबी’ धरू. स्कॅनकोडाला आधी ई० लागत असेल तर त्याचे हेक्स ८० मिळवून झालेली संख्या इथे दिसते, म्हणजे ई० २ई चा एई होतो. तीच जशीच्या तशी वापरायची, पुन्हा गणित करायचं नाही.

मग ‘कॅट’ आज्ञेने ‘/सिस/क्लास/डीएमआय/आयडी/मोडअलायस’ ही फाइल वाचा. त्यात ‘एसव्हीएन’नंतर कंपनीचं नाव आणि ‘पीएन’नंतर मॉडेल असतं. आता ‘/ईटीसी/यूडेव्ह/एचडब्ल्यूडीबी.डी/’ या फोल्डरात ९० ने सुरू होणाऱ्या नावाची नवी फाइल करा, शेपूट ‘.एचडब्ल्यूडीबी’. मूळ ६० क्रमांकाच्या फाइलीला हात लावू नका. पुढच्या अपडेटला ती पुसली जाते.

फाइलीची पहिली ओळ ‘ईव्हीडेव्ह:एटीकेबीडी:डीएमआय:’ने सुरू होते, मग तुमची कंपनी आणि मॉडेल, बाकी सगळीकडे तारांकन. मूळ फाइलीतली तुमच्या कंपनीची ओळ नमुना म्हणून नक्कल करून घेतली तर चूक होत नाही. दुसरी ओळ एका स्पेसने सुरू झालीच पाहिजे : ‘कीबोर्ड_की_एबी=प्रॉग१’. डावीकडचं ‘कीबोर्ड_की_’ मोठ्या लिपीत, त्यापुढचा हेक्स कोड आणि उजवीकडचं नाव छोट्या लिपीत. सुरुवातीची स्पेस द्यायची राहिली की ओळ टाकून दिली जाते.

शेवटी ‘सुडो सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’ आणि ‘सुडो यूडेव्हएडीएम ट्रिगर’. रीस्टार्ट लागत नाही. ‘प्रॉग१’ला डेस्कटॉपच्या शॉर्टकट सेटिंगमधून हवं ते काम जोडा.

दोन खोडी माहीत असू द्या. एक, काही लॅपटॉप बटण दाबल्याचं कळवतात पण सोडल्याचं कळवतच नाहीत. मग ब्राइटनेस एकदा दाबल्यावर तळाला जाऊनच थांबतो. अशा वेळी नावाआधी उद्गारचिन्ह लावा : ‘!ब्राइटनेसडाउन’. कर्नल स्वतःच बटण सोडल्याचं धरून घेतो. दुसरी, माइक म्यूटसाठी ‘माइकम्यूट’ लिहिलं, ईव्हीटेस्टमध्ये दिसलं, तरी जुन्या एक्स सर्व्हरवर (लिनक्सचा पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारा प्रोग्राम) काही होत नाही. माइकम्यूटचा कर्नलमधला कोड २४८. एक्स प्रत्येक कोडात ८ मिळवतं, म्हणजे २५६, आणि एक्सची मर्यादा २५५. एका अंकाने हुकलं! म्हणून तिथे ‘एफ२०’ लिहायची पद्धत आहे. एक्सचा कीबोर्ड नकाशा एफ२० लाच माइक म्यूट समजतो. टचपॅडच्या बटणाला एफ२१ देतात तेही याच कारणाने. एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर ही मर्यादा नाही.

प्रश्न : लिनक्स टाकल्यापासून वाय-फाय ‘हार्डवेअर स्विचने बंद’ दाखवतं. माझ्या लॅपटॉपला असा स्विचच नाही! (मडगाव)

टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ चालवा. प्रत्येक रेडिओखाली दोन ओळी येतील. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड : येस’ असेल तर ‘सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल’ने उघडेल. ‘हार्ड ब्लॉक्ड : येस’ असेल तर सॉफ्टवेअरने थेट उघडत नाही, आणि ती ओळ कोणाच्या नावाखाली आहे ते महत्त्वाचं.

नाव ‘आयडियापॅड_डब्ल्यूएलएएन’ असेल तर ड्रायव्हरच चुकतो आहे. काही मॉडेलांचं फर्मवेअर नसलेल्या स्विचबद्दल विचारल्यावर ‘बंद’ असं उत्तर देतं, आणि जुना ड्रायव्हर त्यावर विश्वास ठेवतो. ‘सुडो मॉडप्रोब -आर आयडियापॅड_लॅपटॉप’ करून बघा, वाय-फाय लगेच आलं तर निदान पक्कं. नव्या कर्नलमध्ये हा ड्रायव्हर ज्या मॉडेलांना खरंच स्विच आहे तिथेच तो धरतो, म्हणून कर्नल अद्ययावत करणं हा खरा उपाय. ड्रायव्हर कायमचा ब्लॅकलिस्ट करायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण त्याबरोबर हॉटकी जातात आणि बॅटरी पूर्ण न भरता राखणारा ‘कॉन्झर्वेशन मोड’ही जातो. फार महाग सौदा आहे.

आसूसच्या काही मॉडेलांत ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी/’मध्ये एक फाइल करून ‘ऑप्शन्स आसूस_एनबी_डब्ल्यूएमआय डब्ल्यूएपीएफ=४’ ही एक ओळ लिहिली की वायरलेसचं बटण शहाण्यासारखं वागतं. यासाठी मात्र रीस्टार्ट करा.

प्रश्न : नव्या लॅपटॉपवर उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटचं बटण आलं आहे. कंट्रोल परत मिळेल का? (ठाणे)

बहुधा मिळेल. हे बटण म्हणजे नवा कोड नव्हेच. दाबलं की डावं शिफ्ट, डावी विंडोज की आणि एफ२३ असं त्रिकूट एकदम पाठवलं जातं. म्हणून साध्या एका-बटणाच्या रीमॅपने ते पकडता येत नाही, पूर्ण शॉर्टकट पकडावा लागतो. विंडोजमध्ये पॉवरटॉइज टाका, ‘कीबोर्ड मॅनेजर’मध्ये ‘रीमॅप अ शॉर्टकट’ निवडा, डावीकडे हे त्रिकूट आणि उजवीकडे उजवं कंट्रोल ठेवा. मग धरून ठेवून सी दाबा आणि कॉपी होतं का ते बघा. काही मॉडेलांत तुम्ही बटण धरून ठेवलं तरी सोडल्याचा संकेत लगेच गेलेला असतो. तिथे ते कंट्रोल म्हणून चालणार नाही, नुसतं एखादं अ‍ॅप उघडायला वापरा.

लिनक्सवर ‘कीडी’ नावाचा छोटा प्रोग्राम हे काम चोख करतो. तो नसेल तर जुन्या एक्स नकाशात एफ२३ चा अर्थ ‘टचपॅड बंद’ असा आहे. तेव्हा कोपायलट दाबल्यावर टचपॅड मेला तर घाबरू नका.

कंट्रोलची हौस उजव्या ऑल्टवर मात्र भागवू नका. ‘इंग्लिश (इंडिया)’ लेआउटमध्ये उजवं ऑल्ट + ४ म्हणजे ₹, आणि इनस्क्रिप्टच्या विस्तारित मांडणीतली तिसऱ्या पातळीची अक्षरंही त्याच बटणावर आहेत.

थोडक्यात उत्तरं

*एफएन आणि कंट्रोल यांची अदलाबदल (सांगली) :* बायोसमध्ये पर्याय असेल तरच. थिंकपॅडमध्ये तो आहे. विंडोजमधल्या कोणत्याही रीमॅपरला एफएन दिसत नाही, त्यामुळे पैसे घेऊन तसा दावा करणारं सॉफ्टवेअर घेऊ नका.

*बाहेरून जोडलेल्या कीक्रॉन कीबोर्डवर लिनक्समध्ये एफ बटणं येत नाहीत (बेळगाव) :* तो स्वतःला अ‍ॅपलचा कीबोर्ड म्हणवतो, म्हणून ‘एचआयडी_अ‍ॅपल’ ड्रायव्हर त्याला धरतो. त्याचा ‘एफएनमोड’ हा पॅरामीटर २ करा : १ म्हणजे मीडिया आधी, २ म्हणजे एफ बटणं आधी, ० म्हणजे एफएनची करामत पूर्ण बंद. कायम ठेवायचं असेल तर मॉडप्रोबच्या फाइलीत लिहा, आणि उबुंटूसारख्या वितरणात त्यानंतर इनिटरॅमएफएस (सुरू होताना आधी वाचला जाणारा फाइलींचा गठ्ठा) पुन्हा बांधा, नाहीतर सुरू होताना जुनाच आकडा लागतो.

*पाणी सांडल्यावर ब्राइटनेस आपोआप खाली जातो (जळगाव) :* हा ड्रायव्हरचा प्रश्न नाही. बायोसच्या पानावरही वरच्या रांगेतलं एखादं बटण आपोआप दाबलं जात असेल तर कीबोर्डमध्येच शॉर्ट आहे. चार्जर काढा, मशीन बंद ठेवा आणि कीबोर्डची रिबन सोडवून बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावून बघा. खोड थांबली तर इथे मात्र कीबोर्ड बदलावाच लागेल.